अन्ननलिकेतील तार, हृदयाचा ताल आणि तालुक्याचा वैद्य

'छातीत धडधडतंय', 'काळीज उडतंय', 'जीव घाबराघुबरा होतोय' अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणांपैकी कोणासही नवा नाही. वाशी, भूम, कळंब या पट्ट्यात अशा रुग्णाची पहिली गाठ बहुधा वैद्याशीच पडते. नाडीवर बोट ठेवावे तर ती मोजता येऊ नये इतकी जलद लागते. काही वेळाने ती एकाएकी पूर्ववत होते. रुग्ण बार्शी, धाराशिव अथवा सोलापूर गाठतो तेव्हा तेथील ईसीजी निर्दोष निघतो आणि त्याच्या माथी 'गॅस' किंवा 'मनाचा आजार' असा शिक्का बसतो. रुग्ण स्त्री असेल तर हा शिक्का अधिकच लवकर बसतो.

अशा तालविकारांचे निदान करणारी, आणि त्यांतील काही जागच्या जागी थांबविणारी, अन्ननलिकेतून पेसिंग करण्याची एक पद्धती आधुनिक वैद्यकात आहे. आपल्या व्यवसायबंधूंत तिची माहिती अल्प आहे. आमचे मत आरंभीच स्पष्ट करतो. ही तार वैद्याने हाती धरावयाची नाही. परंतु ती योग्य रुग्णास मिळावी यासाठी जो पुरावा लागतो, तो पुष्कळदा केवळ तालुक्याचा वैद्यच देऊ शकतो. तो देणे हे आपले कर्तव्य आहे आणि त्यात आपण कमी पडत आहोत.

पद्धतीचे स्वरूप

रचनाशारीराचा अभ्यास करताना आपण सर्वांनी पाहिले आहे की, अन्ननलिका उरात खाली उतरताना हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या लगत मागून जाते. दोहोंमध्ये अंतर काही मिलिमीटरचेच असते. छातीवर लावलेल्या ईसीजीच्या तारा हृदयापासून दूर असतात आणि अलिंदाचा क्षीण विद्युत्-संकेत निलयाच्या मोठ्या संकेतात लपून जातो. तीच तार अन्ननलिकेत सोडली तर अलिंदाचा संकेत ठळक दिसतो. म्युनिक येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स क्रेमर यांनी 1906 मध्ये अन्ननलिकेतून पहिला ईसीजी घेतला आणि त्यासाठी त्यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूची मदत घेतली होती. पुढे याच मार्गाने हृदयाला बाहेरून ताल देण्याचे प्रयोग झाले; 1969 मध्ये बुराक व फरमन यांनी अन्ननलिकेतून पेसिंग केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले.

आज वापरली जाणारी तार बारीक व लवचिक असते. ती नाकावाटे अथवा तोंडावाटे आत सरकवितात. प्रौढ व्यक्तीत साधारणतः 35 ते 40 सेंटिमीटरवर अलिंदाचा संकेत सर्वांत मोठा मिळतो व तेथे ती स्थिर करतात. यासाठी कॅथ लॅब लागत नाही, क्ष-किरण लागत नाहीत, रक्तवाहिनीस छेद द्यावा लागत नाही. मात्र हृदयाच्या आत बसविलेल्या तारेस जेथे अत्यल्प प्रवाह पुरतो, तेथे अन्ननलिकेतून पेसिंग करताना दहा मिलिअँपिअर वा त्याहून अधिक प्रवाह आणि सुमारे दहा मिलिसेकंद रुंदीचे स्पंद द्यावे लागतात. सर्वसाधारण तात्पुरता पेसमेकर असे स्पंद देऊ शकत नाही, त्यासाठी वेगळे यंत्र लागते. रुग्णास छातीत जळजळ वा टोचल्यासारखी वेदना होते. ती सहन होईल इतपत ठेवणे हे करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.

निदानात व चिकित्सेत उपयोग

निदानाच्या दृष्टीने पाहिले तर हृदयगती मिनिटास 150 ते 250 असताना साध्या ईसीजीत अलिंदाचे तरंग दिसेनासे होतात. अन्ननलिकेतील तार ते दाखविते. निलयानंतर किती काळाने अलिंद आकुंचन पावते हे मोजता येते. हा काळ 70 मिलिसेकंदांहून कमी असेल तर फेरा बहुधा एव्ही नोडमध्येच फिरत आहे आणि अधिक असेल तर जन्मजात जादा विद्युत्-मार्गाची शक्यता बळावते. रुंद तरंगांची जलद गती अलिंदातून आली की निलयातून, हा जीवनमरणाचा प्रश्नही अलिंद व निलय परस्परांशी जुळून चालतात की स्वतंत्रपणे, हे पाहून पुष्कळदा सुटतो. ज्यांचा ताल मंद आहे व वारंवार चक्कर येते, अशांत काही काळ जलद ताल देऊन तो थांबविल्यावर हृदयाचा स्वाभाविक ताल किती विलंबाने परत येतो हे मोजून सायनस नोडची शक्ती अजमावता येते.

चिकित्सेच्या दृष्टीने, विद्युत्-प्रवाह ज्यात एकाच मार्गात गोल फिरत राहतो, अशा फेऱ्यावर आधारित जलद तालात या पद्धतीचा उपयोग होतो. फेऱ्याहून किंचित जलद असे थोडे स्पंद योग्य क्षणी दिले की फेरा तुटतो आणि हृदय आपल्या मूळ तालावर येते. एव्ही नोडमधील फेरा, जादा मार्गामुळे होणारा फेरा आणि अलिंदाचा 'फ्लटर' हे याचे मुख्य विषय होत. नवजात अर्भकांतील अशा विकारांत तर ही पद्धती विशेष उपयोगी ठरली आहे, कारण तेथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून तार नेणे अधिक कठीण व धोक्याचे असते.

मर्यादा

गुणांइतकेच दोषही सांगणे आवश्यक आहे. या मार्गाने अलिंदास ताल देता येतो, निलयास तो खात्रीने देता येत नाही. म्हणून अलिंद व निलय यांमधील वहनच खंडित झाले असेल, तर ही तार निरुपयोगी आहे. आपल्या ग्रामीण भागात पिवळ्या कण्हेरीच्या बिया पोटात गेल्याने हृदयगती अतिमंद झालेले रुग्ण येतात. त्यांत असे वहनखंडन होऊ शकते. त्यांना अन्ननलिकेतून नव्हे, तर निलयास ताल देणाऱ्या उपायांची व अतिदक्षतेची गरज असते. निलयातून उत्पन्न होणाऱ्या घातक तालांवरही ही पद्धती विश्वासार्ह नाही. अलिंदाच्या 'फिब्रिलेशन'मध्ये मोडता येण्याजोगा एकच नियमित फेरा नसल्याने तेथेही तिचा उपयोग नाही. ताप, पांडुरोग, थायरॉईडची अधिकता यांमुळे वाढलेल्या गतीत तर मूळ कारणाची चिकित्सा हाच उपाय होय. अन्ननलिकेत संकोच, फुगलेल्या शिरा अथवा नुकताच रक्तस्राव झालेला असल्यास ही पद्धती वर्ज्य आहे. शिवाय जादा मार्ग असलेल्या रुग्णात पेसिंग करताना फिब्रिलेशन सुरू होऊन प्रकृती एकदम ढासळू शकते. यास्तव जेथे विद्युत्-झटका देण्याचे यंत्र व प्रशिक्षित चमू सज्ज आहे, तेथेच ही पद्धती वापरावी.

कोणी विचारील की, ॲडिनोसिन हे शिरेवाटे देण्याचे औषध आणि रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन उपलब्ध असता या जुन्या तारेचे प्रयोजन काय? आक्षेप योग्य आहे; या दोहोंमुळेच ही पद्धती मागे पडली. तथापि ॲडिनोसिनने फ्लटर मोडत नाही. काहींत विकार क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतो. दम्याच्या रुग्णांत त्या औषधाविषयी सावधगिरी बाळगावी लागते. आणि ॲब्लेशनची सोय मोठ्या शहरांत. वाशीच्या रुग्णास तेथवर जावयाचे तर आधी निदान हवे. म्हणून जिल्हा पातळीवरील शासकीय रुग्णालयात ही तार, तिचे यंत्र आणि ती वापरणारा प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी असावा, असे आमचे मत आहे. धाराशिव येथे 2022-23 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अशा मागणीस यापेक्षा अनुकूल काळ येणार नाही.

शास्त्राधार की शास्त्राभिमान?

या विषयाची चर्चा निघाली की आपल्या सभासंमेलनांत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय व महास्रोतस असे सांगितले आहे. मग महास्रोतसातून हृदयाची चिकित्सा हा आपल्याच सिद्धांताचा पडताळा नव्हे काय? आमच्या मते हा मोह टाळावा. तार अन्ननलिकेतून घालतात ती ती नलिका अलिंदाला खेटून आहे म्हणून. तेथे रचनेचा संबंध आहे, स्रोतसांच्या मूळत्वाचा नव्हे. याच सान्निध्यामुळे डाव्या अलिंदात ॲब्लेशन करताना अन्ननलिकेस इजा होण्याचा धोकाही संभवतो. एकाच सान्निध्यातून उपकार व अपकार दोन्ही निघतात, त्यातून सिद्धांत सिद्ध होत नाही. आचार्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याच्या यंत्राची साक्ष काढणे हेच मुळात न्यूनत्वाचे लक्षण आहे.

शास्त्राचा खरा आधार दुसरीकडे आहे. वातज हृद्रोगाच्या वर्णनात कंप, शून्यता, भय ही लक्षणे आली आहेत. धडधड झालेल्या रुग्णाचे म्हणणे याहून वेगळे नसते. शार्ङ्गधराने नाडीचे विवेचन करताना थांबत थांबत चालणाऱ्या नाडीस प्राणनाशक मानले. म्हणजे ताल चुकणे ही गंभीर गोष्ट आहे, हे आपल्या ग्रंथकारांनी जाणले होते. त्या परंपरेचा वैद्य 'अपानाची गती उलटली' असे म्हणून हिंग्वष्टक चूर्ण देऊन रुग्णास घरी पाठवीत असेल, तर तो ग्रंथाचाच अनादर होय. अजीर्ण व उदावर्ताने छातीत अस्वस्थता होते हे खरेच. पण ते निदान नाडी मोजून व ईसीजी पाहून मग करावयाचे असते.

वैद्याने काय करावे

विकार चालू असतानाचा ईसीजी हा सर्वांत मौल्यवान पुरावा आहे आणि तो मिळण्याची वेळ बहुधा आपल्याच दवाखान्यात असते. एकदा ताल पूर्ववत झाला की कितीही मोठे रुग्णालय तो परत आणू शकत नाही. आपल्या भागास तर हे अधिकच लागू पडते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणारा मजूर उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. चोवीस तासांचा होल्टर लावून पुढच्या आठवड्यात दाखवावयास तो येईल कसा? फडात धडधड झाली तर त्याला नवा डॉक्टर, नवा गाव. अशा रुग्णाच्या खिशात ईसीजीचा एक कागद असेल तर त्याचे निदान त्याच्यासोबत प्रवास करते.

यास्तव आमच्या सूचना पुढीलप्रमाणे.

पहिली, दवाखान्यात ईसीजीचे यंत्र असावे. ते नसेल तर धडधड चालू असतानाच रुग्णास जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवावे, 'आराम पडल्यावर जा' असे सांगू नये. ईसीजीवर तारीख, वेळ, धडधड कधी सुरू झाली, रक्तदाब किती होता व कोणती औषधे चालू आहेत, हे लिहावे. आपण दिलेली आयुर्वेदीय औषधेही त्यात नोंदवावीत. कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण उष्णतेने उमटणारी ईसीजीची अक्षरे काळाने पुसट होतात.

दुसरी, रुग्णाची शुद्ध हरपत असेल, रक्तदाब घसरला असेल, छातीत वेदना वा श्वास लागत असेल, तर एकही क्षण न दवडता 108 क्रमांकास दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात 2014 मध्ये सुरू झालेल्या या सेवेतील रुग्णवाहिकांवर आपले अनेक बी.ए.एम.एस. बंधू-भगिनी काम करीत आले आहेत. त्यांच्या हाती दिलेला नीट लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरपर्यंत पोहोचतो.

तिसरी, रुग्ण स्थिर असेल व ईसीजीत अरुंद तरंगांची नियमित जलद गती असेल, तर प्रवाहणाचा उपाय करता येतो. रुग्णास अर्धवट बसवून दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, तिचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद फुंकावयास लावावे. नंतर लगेच उताणे निजवून पाय पंधरा सेकंद वर उचलून धरावेत. 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील 'रिव्हर्ट' चाचणीत या सुधारित पद्धतीने 43 टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला, तर केवळ फुंकण्याने 17 टक्क्यांचा. यास औषध लागत नाही, खर्च नाही. ताल पूर्ववत झाला तरी रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावेच. वृद्धांच्या मानेवर दाब देण्याचा उपाय मात्र दवाखान्यात करू नये, त्याने मेंदूस इजा होण्याचा धोका असतो.

चौथी, पाठविताना पत्रात केवळ 'छातीत धडधड, कृपया पाहावे' असे न लिहिता 'फेऱ्यावर आधारित जलद तालाचा संशय, सोबत विकारकालीन ईसीजी' असे लिहावे. अन्ननलिकेतील तारेची वा ॲब्लेशनची गरज कोणास आहे, हे ठरविणे तज्ज्ञास मग सोपे जाते.

औषधविक्रेते व निर्माते बंधूंस

तालविकारांचा एक धागा आपल्या दुकानापर्यंतही येतो. वत्सनाभातील विषद्रव्य हृदयाच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि निलयाचे घातक ताल उत्पन्न करू शकते. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे वत्सनाभयुक्त रसकल्प आपण रोज हाताळतो. योग्य शोधन व योग्य मात्रा असता ते उपकारक आहेत यात शंका नाही. पण शोधनाची नोंद न ठेवता केलेली निर्मिती आणि 'तापाची गोळी' म्हणून चिठ्ठीविना केलेली विक्री, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. वत्सनाभ हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'ई-1' मधील विषद्रव्य आहे. अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना त्यासाठीच असते. ओठांभोवती मुंग्या, बधिरता, मळमळ आणि नाडीची अनियमितता असे एकत्र आढळल्यास औषध थांबवून रुग्णास तात्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तेथेही अन्ननलिकेतील तार कामास येणार नाही, हे वर सांगितलेच आहे.

ज्येष्ठमधाबाबतही एक सूचना. ते दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या अथवा डिगॉक्सिन चालू असलेल्या रुग्णात ही घट ताल बिघडविण्यास पुरेशी ठरू शकते. हृद्रोगी ग्राहकास काउंटरवरून ज्येष्ठमधयुक्त चाटण देण्यापूर्वी 'दुसरी कोणती औषधे चालू आहेत?' एवढा एक प्रश्न विचारावा.

अधिकार आणि उत्तरदायित्व

मिश्र चिकित्सेच्या अधिकाराचा वाद आपल्या संघटनांत वर्षानुवर्षे चालू आहे. महाराष्ट्र शासनाची 1992 ची अधिसूचना आणि सर्वोच्च न्यायालयाचा 1998 चा मुख्तियार चंद निकाल आपणांस तोंडपाठ आहेत. मुंबईतील एका प्रकरणात 1996 मध्ये त्याच न्यायालयाने, जी पद्धती आपण शिकलोच नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरविले, याची आठवण मात्र कमी काढली जाते. 2020 साली पदव्युत्तर वैद्यांच्या शल्यकर्मांच्या यादीवरून देशभर गदारोळ झाला. त्या वादाची बाजू-उलटबाजू येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस इतकेच म्हणावयाचे आहे की, अन्ननलिकेतून पेसिंग हे आपल्या अधिकाराच्या यादीत यावे अशी मागणी कोणी करू नये. जे कर्म बिघडल्यास दुसऱ्या क्षणी विद्युत्-झटका द्यावा लागतो, ते एकट्या वैद्याच्या दवाखान्याचे कर्म नव्हे. अधिकार मागताना जितका आवाज चढतो, तितकाच तो रुग्णाच्या सोयीसाठी चढला पाहिजे.

म्हणून संघटनेने दोन गोष्टी हाती घ्याव्यात. एक, ईसीजीतील जलद ताल ओळखण्याची व प्रवाहणाच्या सुधारित पद्धतीची प्रात्यक्षिक कार्यशाळा तालुकावार भरवावी. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक आणि हृद्रोगतज्ज्ञ या दोहोंस त्यासाठी एका व्यासपीठावर बोलवावे. दोन, जिल्हा पातळीवरील शासकीय रुग्णालयात अन्ननलिकेतून ईसीजी व पेसिंगची सोय आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण मिळावे, असे निवेदन जिल्हा प्रशासनास द्यावे. निवेदनासोबत केवळ सह्या न जोडता, आपापल्या दवाखान्यात वर्षभरात टिपलेले विकारकालीन ईसीजी, रुग्णांची नावे झाकून, जोडावेत. शंभर सह्यांपेक्षा असे दहा कागद अधिक बोलतील. ते गोळा करण्याचे काम या अंकापासूनच सुरू करावे, अशी सर्व सभासदांस आमची विनंती आहे.